दोन गुलाबी ठिपके

धुतलेले दोन शर्ट परत द्यायला मी गॅरेजवर गेले होते, एवढंच. गॅरेजचे निळे शर्ट, खिशावरचा तेलाचा डाग तीनदा साबण लावूनही न निघालेला. आमचे हे जाऊन एकविसावा दिवस होता. वेळ दुपारी अडीचची. तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टी भर दुपारी कुठे घडतात? मीही तेच म्हणत आले होते आजवर. तो दिवा जरा पुढे सरकवा. हे सांगताना मला तुमचा चेहरा दिसला पाहिजे. का, ते शेवटी सांगते.

मालक टेबलाशी चहा पीत होते. समोर दोन गिऱ्हाईकं बसलेली.

"कशाला त्रास घेतलात, वहिनी? ठेवा तिथे," मालक म्हणाले. मग आवाज उगाच मऊ करून गिऱ्हाइकांकडे वळले. "आमच्या मोठ्या मिस्त्रीचं कुटुंब हे. वाईट झालं. पण करणार काय, त्याच्याच हातची चूक त्याला नडली. इंजिनाची चेन नीट बसवली नाही, आणि तीच गाडी ट्रायलला काढली."

त्या दोघांनी माना हलवल्या. ओळख ना पाळख, आणि माना हलवल्या!

मी आवाज चढवणारी बाई नाही हो. घरातल्या पातेल्यालासुद्धा आवाज होऊ देत नाही. देवापुढे बसते, माझी व्रतं करते, कुणाचं वाईट चिंतीत नाही. पण त्या दिवशी पायाखालून आग वर चढत गेली. माणूस गेला तो गेला, आणि वर त्याच्याच माथी त्याचं मरण मारायचं?

"मालक," मी म्हटलं, "सव्वीस वर्षं ज्याच्या हातांवर तुम्ही ही खुर्ची उबवलीत, त्याच्या माघारी त्याच्या नावाने खडे फोडता? इंजिन उघडून पाहिलंत का?"

"त्यात पाहायचं काय? पाच वाजता भंगारवाला येतोय न्यायला."

"मग पाचच्या आत उघडा."

"कोण उघडणार? सगळी माणसं कामात आहेत."

"भावजी उघडतील."

भावजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, तिथेच मिस्त्रीकाम करतात. दारात उभे राहून ते पाना पुसत होते. स्वच्छ झालेला पाना पुन्हा पुन्हा पुसत होते.

"जाऊ द्या ना वहिनी आता," ते खाली बघत म्हणाले.

"जाऊ द्या? सख्ख्या भावाला जगभर अडाणी ठरवताहेत आणि तुम्ही म्हणता जाऊ द्या? लहानपणी यांच्या पाठीवर बसून शाळेत जात होतात ना? उतरा आता पाठीवरून आणि पाना घ्या!"

एक गिऱ्हाईक हसलं. भावजी मुकाट्याने मागे चालू लागले.

ती गाडी चढाच्या वळणावर वेगात असताना तिचं इंजिन एकाएकी जाम झालं होतं. स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. गाडी कठडा तोडून खाणीत गेली. इंजिन काढून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी स्टँडवर लावलं होतं. त्या शेडला खिडकी नाही. एक बल्ब. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून मालकांनी बाहेरून शटर ओढून घेतलं, आणि भर दुपारी आत संध्याकाळ झाली. तेलाचा, गंजाचा आणि खाणीतल्या ओल्या मातीचा वास कोंडला.

आता यांची एक सवय सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या बहिणीने मला एकदा गुलाबी नेलपॉलिशची बाटली दिली होती. मी कसली लावतेय! हे म्हणाले, "आण इकडे. तुझ्या नखांपेक्षा माझ्या बोल्टांना शोभेल." तेव्हापासून ती बाटली यांच्या खिशात. जो बोल्ट स्वतःच्या हाताने आवळला, त्याच्यावर एक गुलाबी ठिपका. ठिपका नाही तो बोल्ट यांचा नाही. आणि चेन उतरवण्याआधी आणखी दोन ठिपके, एक फिरत्या चाकावर आणि एक समोर इंजिनाच्या अंगावर. मला जेवताना समजावून सांगायचे, "चाक दात-दात फिरवायचं. दोन ठिपके अगदी समोरासमोर आले, की इंजिनाची वेळ जुळली. मगच उघडायचं. त्याआधी नाही."

ती बाटली यांच्याबरोबर खाणीत गेली. सापडली नाही.

भावजींनी वरचं झाकण काढलं. मी टॉर्च धरला. खाली हेडचे, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी माथ्याचे, दहा बोल्ट, दोन रांगांत. आणि दहाही बोल्टांवर दहा गुलाबी ठिपके! माझे डोळे भरून आले. जणू हेच दहा बोटं टेकवून गेले होते.

"बघा," मी म्हटलं. "याला म्हणतात हात."

 भावजींनी पुढचं झाकण सोडवलं. आत चेन सैल पडली होती, जपमाळेचा दोरा ढिला व्हावा तशी. चेन ताणून धरायला एक छोटा तुकडा असतो, दोन बोल्टांवर बसवलेला. मी नुसतं बोट लावलं तर तो हलला. बोल्ट जेमतेम हाताने फिरवून ठेवलेले. आणि त्यांच्यावर ठिपके नव्हते.

"हे यांनी बसवलेलं नाही!" मी जवळजवळ ओरडले.

"विसरला असेल दादा... घाईत होता ना."

"हे? हे विसरतील? मिठाच्या डब्याचं झाकण लावल्यावरही ठिपका द्यावासा वाटायचा त्यांना! भावजी, निदान तुम्ही तरी—"

आणि दिवा गेला. टॉर्चही गेला. बटण तीन-चार वेळा दाबलं. काही नाही.

काळोख इतका, की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळेना. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. दुपार होती हो तिथे. चार हातांवर दुपार होती.

आधी वास आला. तेलाचा नाही. गोडसर, नाकात चढणारा... नेलपॉलिशचा.

मग कर्रर्र... असा आवाज. घट्ट बोल्ट पहिल्यांदा सुटताना करतो तसा. थोडा वेळ थांबून दुसरा, पण पहिल्याच्या शेजारचा नाही, पार दुसऱ्या टोकाचा.

"भावजी, अंधारात कशाला हात घालताय?" मी म्हटलं. "बोट जाईल."

उत्तर माझ्या पाठीमागून आलं. लांबून. शटरजवळून.

"वहिनी... मी इथे आहे."

मी इंजिनाला हात टेकून उभी होते. तो हात मला काढता येईना. कर्रर्र... हेडचे बोल्ट टोकांकडून मध्याकडे सोडवत यायचे, थोडे थोडे, नाहीतर हेड वाकतं. तेही मी जेवताना ऐकलेलं. त्याच क्रमाने आवाज येत होते. इकडचं टोक, तिकडचं टोक. मग त्यांच्या आतले. दर दोन बोल्टांनंतर कुणीतरी नाकाने हलकेच श्वास सोडत होतं. सव्वीस वर्षं त्या श्वासाशेजारी झोपले मी. मला तो कळणार नाही?

दहा झाले. मग टप... टप... टप. क्रम चुकू नये म्हणून हे बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांत ठेवायचे, तसे एकेक करून ठेवल्यासारखे. मग काहीतरी फार जड वस्तू उचलली गेली, अगदी सावकाश, आणि लाकडावर टेकली.

"दादा," भावजी अंधारात म्हणाले. आवाज लहान पोराचा झाला होता. "दादा, मीच बसवला रे तो तुकडा. मीच... तू म्हणालास, चेन तेवढी चढव, मला दिवेलागणीआधी घरी पोचायचंय. तिचा व्रताचा शेवटचा दिवस आहे, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही तिच्या पोटात, मी पोचल्याशिवाय उपास सोडणार नाही ती. तू गेलास. मलाही घाई होती. म्हटलं, बोल्ट सकाळी आवळू... झाकण लावून ठेवलं. सकाळी तू विचारलंस, आवळलास ना? आणि मी म्हटलं, हो. रोज रोज विचारतोस म्हणून रागाने म्हटलं रे... हो."



दिवा आला तेव्हा भावजी शटरला पाठ लावून बसले होते, दोन्ही हात रिकामे. पुठ्ठ्यावर दहा बोल्ट, आपापल्या जागी. दोन माणसांनी धरल्याशिवाय न उचलणारं हेड बाजूच्या फळीवर उलटं ठेवलेलं. चेन सटकल्याने त्याच्या खालचे वॉल्व्ह पिस्टनांवर आदळून वाकलेले, आणि उघड्या पिस्टनांवर त्यांचे वळ उठलेले, कुणी नखं रुतवावीत तसे. खाणीतून काढल्यापासून ते इंजिन तसूभर फिरलं नव्हतं. तिघांनी मिळून पाना लावला तरी नाही. आता चाक फिरलेलं होतं. चाकावरचा ठिपका आणि अंगावरचा ठिपका, दोघे अगदी समोरासमोर.

मी भावजींचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच बाहेर नेलं. राग होता, कबूल करते. एकवीस दिवस हा माणूस माझ्या घरी येऊन माझ्यासमोर रडत होता!

"बोला," मी म्हटलं. "आत जे बोललात ते इथे बोला. या दोन पाहुण्यांनी माना हलवल्यात, त्यांनाही ऐकू द्या."

ते बोलले. सगळं. मालकांनी त्याच गिऱ्हाइकांसमोर कान पकडले. "चुकलो वहिनी," म्हणाले. "त्याच्या हाताला मी नावं ठेवायला नको होती." यांचं नाव धुऊन निघालं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

मी भावजींना माफही केलं, खरंच सांगते. माणूस चुकतो. खोटं बोलतो. शेवटी खरं बोलला, हे थोडं का आहे? झालं गेलं मागे टाकून पुढे चालायलाच देवाने माणूस केलाय, असं मी आयुष्यभर म्हणत आलेय.

पण निघताना ते मान चोळत होते. "काहीतरी गार लागलंय," म्हणाले. मी पाहिलं. मानेवर, मागे, केसांच्या जरा खाली एक गुलाबी ठिपका. ओला.

पुसून पाहिला. घरी जाऊन त्यांनी रॉकेल लावलं, थिनर लावलं, वाळूने घासलं. कातडी निघाली, ठिपका राहिला. दुसऱ्या दिवशी जाऊबाई, म्हणजे भावजींची बायको, धापा टाकत आली. "ताई, तो सरकलाय. कानाच्या मागे आलाय."

मी तिला धीर देत होते. वाकून तिला पाणी द्यायला गेले, आणि ती बोलायची थांबली. माझ्या पाठीकडे बघत राहिली.

"ताई... तुमच्या मानेवर पण आहे."

आता मला सांगा, मी काय केलं? व्रत कुणासाठी धरलं होतं मी? यांच्याच आयुष्यासाठी ना? यांनी घाई केली ती माझ्यासाठी, हे मला ठाऊक तरी होतं का? मी मागितलं होतं का, की काम टाकून या? पोटात पाणी नव्हतं तर नव्हतं, एक रात्र राहिले असते तशीच! फोटोसमोर उभी राहून मी यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, जगाने तुमच्यावर अन्याय केला म्हणून मी भांडले, आणि तुम्ही माझ्यावरच करता? तो भाऊ आहे तुमचा. मी बायको आहे. ठिपके द्यायला आम्ही काय बोल्ट आहोत?

घरभर तो गोड वास आला. 

तेव्हापासून मी आणि भावजी एकमेकांच्या समोर येत नाही. दोन ठिपके समोरासमोर आले की हे उघडतात, ते मी विसरले नाही. ते आले तर दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून बोलतात. मी आतून पाठमोरी बोलते. लोक हसतात, हसू द्या. मी नवं व्रत धरलंय, हे संकट टळेपर्यंतचं. टळेल. माझा विश्वास आहे.

आरशात तो ठिपका मला दिसत नाही. म्हणून तुमचा चेहरा पाहायचा होता. तुमचे डोळे कुठे जातात त्यावरून कळतं. काल शेजारीण माझ्या कानाखाली बघत होती. सकाळी जाऊबाई सांगून गेली, भावजींचा गळ्याच्या घाटीवर येऊन थांबलाय. आता पुढे सरकत नाही. वाट बघतोय जणू.

तुम्ही मघापासून माझ्या हनुवटीच्या खाली बघताय.

उठू नका. नुसतं ऐका. बाहेर पायरीवर कुणाची चप्पल वाजली का? भावजी असतील तर त्यांना म्हणावं, तिथूनच बोला. आत येऊ नका... आणि तो दिवा घट्ट धरा. वास यायला लागलाय.