जेबेझची शुक्रवारची फेरी

छत्रीच्या लोखंडी टोकाचा दारावर पडणारा आवाज. आधी एक ठोका, मग जरा थांबून दोन. ऐकून किती वर्षं झाली, पण शेकोटी विझत आली आणि घरात कोणी बोलत नसलं की अजून मला तो आठवतो. जरा जवळ सरका, मोठ्यानं बोलायचा माझा स्वभाव नाही.

मी तेव्हा विमा कंपनीचा वसुलीवाला होतो. आमची कंपनी हॅलोबी गावात एका मेणबत्तीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत सुरू झाली, असं जुनी माणसं सांगत. आगगाडी रुळावरून घसरली आणि आमच्या चॅपलची काही माणसं दगावली. त्यांच्या बायकापोरांसाठी काढलेली वर्गणी, तीच पुढे कंपनी झाली. आधी फक्त आगगाडीच्या अपघाताचा विमा. मग गिरणीच्या पट्ट्यात हात गेलेल्यांचा. मग सगळ्यांच्याच मरणाचा. मी लागलो तोवर मँचेस्टरला कंपनीची दगडी इमारत झाली होती आणि तिच्या दारावर हातात दिवा धरलेली एक दगडाची बाई उभी होती. पण पैसा यायचा तो आमच्या गल्ल्यांतूनच. दर शुक्रवारी, गिरणी सुटायच्या सुमाराला, माणशी एक पेनी.

ती पेनी चुकवायची नाही, हे लंकाशायरच्या गल्लीत कोणाला शिकवावं लागत नसे. पुरायला पैसे नसले की गरीबखान्याची गाडी येई आणि तुमच्या माणसाला एका मोठ्या खड्ड्यात अनोळखी माणसांच्या अंगावर ठेवून जाई. ना नाव, ना दगड. आमची माणसं रात्रीचं जेवण सोडतील, पण त्या खड्ड्यात जाणार नाहीत. आणि महिनाभर पेनी आली नाही की विमा मोडला, असा कंपनीचा नियम होता.

टेंटर गल्ली माझ्याकडे आली ती जेबेझ एंटविसल वारल्यावर. जेबेझ म्हणजे त्या गल्लीचा जुना वसुलीवाला. धुक्यात कालव्याच्या काठावरून पाय घसरला बिचाऱ्याचा. त्याला पेटीत ठेवलं तेव्हा मी तिथे होतो. हनुवटी बांधायला घरात पांढरं फडकं सापडेना, म्हणून त्याच्या बायकोनं टेबलावरचा कपडा फाडला. काठावर निळी फुलं भरलेली होती. ती फुलं त्याच्या कानाशी आली. मी आपल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या कपाळावर तळहात ठेवला, म्हणजे माणूस नंतर स्वप्नात येत नाही.

मधले काही शुक्रवार कंपनीला माणूस मिळाला नाही. मग मी गेलो. पहिल्या घरात मिसेस हॅगस नावाची बाई होती. ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, पेनी मघाशीच दिली. दुसऱ्या घरीही तेच, तिसऱ्याही. मी विचारलं, कोणाला दिली? तर म्हणे जेबेझला.

मी सांगितलं की जेबेझला पुरून महिना होत आला.

"असेल," मिसेस हॅगस शेगडीकडे तोंड करूनच म्हणाली. "पण मेल्यावरसुद्धा तुमच्यापेक्षा वेळेवर येतो."

आता ही पाठ करायची गोष्ट सांगायला हवी. टेंटर गल्लीतल्या बायका विमेवाल्याचं तोंड बघत नसत. त्याच्या पिशवीत सगळ्यांची मरणं असतात, त्याच्याशी नजर मिळाली की त्याला तुमचं नाव आठवतं, असं त्या मानत. म्हणून शेगडीवरच्या फळीवर, माणशी एक, असे कप उपडे ठेवायचे आणि प्रत्येकाखाली त्या माणसाची पेनी. विमेवाल्यानं दार वाजवायचं, कडी काढून आत यायचं, पेन्या उचलायच्या आणि जायचं. तोवर घरच्या बाईनं विस्तवाकडे तोंड करून उभं राहायचं. जेबेझ वर्षानुवर्षं त्या घरांत जात होता, आणि त्याचं नाक सरळ होतं की वाकडं हे एकीलाही सांगता आलं नसतं. त्याचा ठोका ओळखीचा होता, तेवढं पुरे होतं.

म्हणजे कोणीतरी भामटा तो ठोका शिकला होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. आमचे साहेब, मिस्टर ऑर्मरॉड, यांना वेगळंच दिसत होतं. त्यांचं म्हणणं, बायका पेनीची बिअर पितात आणि मेलेल्या माणसाच्या नावावर खपवतात. बायकांना वाटत होतं की पेन्या मीच खातो आणि कानांवर हात ठेवतो. शेवटी साहेबांनी सांगितलं की येत्या शुक्रवारी चोर दाखव, नाहीतर गल्लीतले सगळे विमे मोडले.

सगळ्यात जीव अडकला होता तो शॉरॉकांच्या घरात. म्हातारी केझाया माडीवर अंथरुणाला खिळली होती. छातीत पाणी झालेलं, आठवडाभर काढेल की नाही असं डॉक्टर म्हणाला होता. मुलगी ड्रुसिला मागावर कामाला. लग्न केलं नाही, आईपायी राहिली. धडधाकट, लाल गालांची, जिभेनं तिखट. आईनं तरुणपणापासून पेनी भरली होती. मरणाच्या दारात तो विमा मोडला असता, तर म्हातारी खड्ड्यात जाणार होती. म्हणून मी ठरवलं, चोर धरायचा तो याच घरात.

ड्रुसिलाला हे पटलं नाही. चोराला धरायला चोरच घरात घेऊ का, असं ती उंबऱ्यावर म्हणाली. पण घेतलं. आईसाठी घेतलं. खुर्ची मात्र कपांपासून लांब, कोळशाच्या बादलीजवळ दिली, आणि विस्तव ढोसायची सळई स्वतःच्या हातात ठेवली. फळीवर दोन कप उपडे होते. आईचा निळ्या काठाचा, टवका उडालेला. तिचा स्वतःचा साधा पांढरा.

"बसा," ती पाठमोरीच म्हणाली. "पण त्याच्याकडे बघू नका."

मी म्हटलं, बघायलाच तर आलोय.

"मग निदान माझ्याकडे तरी बघू नका."

गिरणीचा भोंगा झाला. लाकडी तळव्यांच्या बुटांचा खडखडाट गल्लीतून गेला, दारं उघडली, मिटली. मग शांत झालं. बाहेर धुकं पिवळं पडलं होतं आणि खिडकीच्या फटीतून कोळशाच्या धुराचा वास आत येत होता. कोणाच्या तरी घरी कांदा शिजत होता. वरून म्हातारीचा खोकला आला, आणि मागून तिचा बारीक आवाज.

"ड्रुसी... आला का गं तो?"

"नाही आई. पड तू."

"माझी ठेवलीस ना?"

"ठेवली आहे, आई."

मग गल्लीच्या टोकाला तो आवाज झाला. एक. मग दोन. दार उघडलं, मिटलं. पुन्हा एक, मग दोन, आणखी जवळ. ड्रुसिला विस्तवाकडे वळली. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. काय बोलायचं ते मी मनात घोकून ठेवलं होतं... थांब, कंपनीच्या नावानं थांब.

आमच्या दारावर ठोके पडले. कडी निघाली.

माणूस उंचीनं बेताचाच. काळा कोट, हॅट खाली ओढलेली. मी चोराकडे बघावं तसाच बघत होतो, बारकाईनं, पुढे साक्ष द्यायची म्हणून. पहिली गोष्ट, अंगाला रंधा मारलेल्या ताज्या लाकडाचा वास. सुतार असावा, मी मनात नोंद केली. दुसरी, बाहेर इतकं ओलं धुकं, तरी कोट कोरडा ठणठणीत. म्हणजे जवळच कुठेतरी राहणारा. तिसरी, हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी बांधलेली. दाढ दुखत असेल, म्हटलं. दाढदुख्या सुतार. सापडेल.

तो फळीकडे वळला आणि विस्तवाचा उजेड त्याच्या गालावर पडला. पट्टीच्या काठाला निळी फुलं होती.

ज्या तळहातानं मी त्याच्या कपाळाला शिवलो होतो, तो थंड पडला. नुसता तोच.

त्यानं निळ्या काठाचा कप उचलला, म्हातारीची पेनी घेतली, कप पुन्हा उपडा ठेवला. मग पांढरा कप उचलला. खालच्या पेनीकडे तो बराच वेळ बघत राहिला. ती त्यानं घेतली नाही. घरात कोणी झोपलेलं असताना ठेवावा, तसा हलकेच कप तिच्यावर परत ठेवला. मग ड्रुसिलाच्या पाठीकडे बघत हॅटला हात लावला, आणि दार ओढून घेऊन गेला.

ड्रुसिलानं मान थोडी वळवली. मागांच्या गोंगाटात आमच्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात, तसे तिचे ओठ हलले. गेला?

मी मान डोलावली.

"ड्रुसी," वरून म्हातारी म्हणाली. आवाज मघापेक्षा खणखणीत होता. "घेतली का गं माझी?"

ड्रुसिलानं निळा कप उचलून पाहिला. "घेतली, आई." तिचे खांदे सैल झाले. मग तिनं पांढरा कप उचलला.

"माझी विसरला," ती म्हणाली.

आमच्या धंद्यात पेनी कोणी विसरत नाही, हो. मागे ठेवायची वेळ एकदाच येते. घरातलं माणूस गेलेलं असलं, तर त्याच्या कपाखालची पेनी वसुलीवाला उचलत नाही. मेलेल्याकडून हप्ता घ्यायचा नाही, ही आम्हा सगळ्यांची रीत होती. बायका कप मांडत, उचलायचं काम आमचं, त्यामुळे ती रीत तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती माझ्यासमोर उभी होती, धडधाकट, गाल विस्तवानं लाल झालेले, आणि तिला काळजी एकाच गोष्टीची होती की आपला हप्ता चुकला.

मी उठलो. हात पुढे केला. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"ती माझ्याकडे दे, ड्रुसी. मी जमा करतो. कंपनीचा माणूस मी आहे... तू आता बाहेर पडू नकोस. आज आईजवळ बस."

तेव्हा ती वळली, आणि त्या गल्लीत पहिल्यांदाच एका बाईनं सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळे करडे होते तिचे. आधी माझ्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा डोळ्यांकडे.

"तुम्ही म्हणत होता, येणारा चोर आहे," ती हळू म्हणाली. "चोर असता तर माझी का ठेवली असती? आणि ती आता तुम्हाला हवी."

मी म्हटलं, जाऊ नकोस, ऐक माझं. का ते मला सांगता येईना. काय सांगणार होतो? माझा घामेजलेला चेहरा आणि पसरलेला हात, दोन्ही तिच्यासमोर होते. मी दाराकडे एक पाऊल टाकलं, तशी तिनं सळई उचलली. मारली नसती. पण मी थांबलो.

दोन घरं पलीकडे छत्रीचं टोक दारावर वाजलं. तिनं कान दिला. खुंटीवरची शाल काढून डोक्यावर घेतली, पेनी मुठीत घट्ट धरली, सळई शेगडीला टेकवून ठेवली, आणि त्याच्यामागे धुक्यात, कालव्याच्या दिशेनं निघून गेली.