बाबांच्या जाहिरातीतला माणूस

मी त्या घरी गेले ती फक्त एक फोटो बदलून आणायला. दुपारचे चार वाजले होते, खांद्याला कॉलेजची झोळी, झोळीत एक पाकीट. घाबरण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आधी पाकिटाचं सांगते. माझे बाबा दवाखान्यात एक्स-रे काढायचे. लोकांची हाडं बघण्यात जन्म गेला, पण स्वतःचा फोटो काढायचा म्हटलं की कपाळाला आठ्या. मोबाइल तेव्हा नव्हते. लग्नाचा अल्बम घर बदलताना कुठे गेला कुणास ठाऊक. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि बाबा गेल्यावर मी एकटी. त्यांचा एकच फोटो होता, आत्याने हट्टाने काढायला लावलेला. तो तिने निधनाच्या जाहिरातीसाठी पेपरात दिला. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर बाबांच्या नावावर भलताच माणूस! जाड मिशा, रागीट डोळे. त्याच पानावर खाली, दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर माझे बाबा, कसनुसे हसत. दोन जाहिरातींचे फोटो उलटसुलट झाले होते.

तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी आली, ती कुणी वाचली नाही. भेटायला येणारे आधीचा पेपर बघून यायचे. "शेवटी शेवटी फारच बदलले होते हो चेहऱ्याने," असं एक जण मला म्हणाले. हसावं की रडावं तेच कळेना.

सहा महिन्यांनी, चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, सरांनी विषय दिला : माध्यमं आपल्याला जग कसं वाकडं दाखवतात. "टीव्हीतून बाहेर येणारा हात कुणी काढला तर त्याचा हात मी मोडीन," सर म्हणाले. अर्ध्या वर्गाची चित्रं तिथेच निकालात निघाली. मी पेपरचं कात्रण पुढे केलं. सरांनी ते उजेडात धरलं.

"दोघांनाही भिंतीएवढं मोठं कर," ते म्हणाले. "आणि शेजारी शेजारी लाव."

मिशावाल्यापासून सुरुवात केली. कात्रणावर बारीक चौकोन आखायचे, मोठ्या कागदावर तेवढेच मोठे आखायचे, आणि एकेक चौकोन कोळशाने भरत जायचा. कात्रण उलटं धरायचं, म्हणजे आपण चेहरा काढतोय हे हाताला कळत नाही, तो नुसतं काळं-पांढरं उतरवत जातो. रिकाम्या घरात महिनाभर मी तेच केलं. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याच्याशीच बोलायचे. चित्र झकास झालं.

मग बाबांकडे वळले. महिनाभर हाताळून कात्रणातला त्यांचा चेहरा कोळशाने पार बरबटला होता, म्हणून म्हटलं आठवणीतून काढू. कोळसा टेकवला आणि मिशा आल्या. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच रागीट डोळे. मी डोळे मिटून बघितलं. बाबांचे हात आठवत होते. एक्स-रे धुण्याच्या औषधाचा त्यांच्या शर्टाला येणारा आंबूस वास आठवत होता. चेहरा आठवत नव्हता. जगात माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि तेही हातातून सुटत होतं. हात न धुताच मी पेपरच्या कचेरीत धावले.

"फोटो आम्ही तेव्हाच परत पाठवले की ताई," तिथला कारकून म्हणाला. मग वही बघून त्याने जीभ चावली. "अरेच्चा… पत्तेही उलटेच पडलेत." बाबांचा फोटो त्या घरी गेला होता. माझ्याकडे आलेलं पाकीट मी सांत्वनाचं पत्र समजून कधी उघडलंच नव्हतं.

तर ते पाकीट घेऊन मी तिसरा मजला चढले. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. साठीच्या एका बाईंनी दार उघडलं, माझं बोलणं ऐकून घेतलं आणि मला आत बसवलं. खोली नीटनेटकी होती. टेबलावर चहाचे दोन कप होते, दोन्ही भरलेले. भिंतीवर चौकटीत एक फोटो होता, पण काचेवर खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि चेहरा दिसत नव्हता.

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी आतला फोटो बघितला आणि परत दिला.

"हे कोण गं?"

"काकू, हे… तुमचे मिस्टर ना?"

"छे." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "हे आमचे."

मी सगळं पुन्हा समजावून सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"मीही भांडले होते पेपरवाल्यांशी, सुरुवातीला. मग येणारे-जाणारे म्हणायला लागले, किती शांत चेहरा… तीस वर्षांत आमच्याकडे कुणी असं म्हटलं नव्हतं. सारखी आदळआपट असायची. मग मीही यांच्याकडेच बघत बसायला लागले. जेवताना, दुपारची… एकटीने किती दिवस बसायचं गं?"

तेवढ्यात मला तो वास आला. आंबूस, औषधाचा. आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. लहानपणापासून रोज सकाळी मी त्या खाकरण्याने जागी व्हायचे.

"आत… कोण आहे?"

"दुपारचे जरा पडतात." काकूंनी माझं मनगट धरलं. "नेऊ नकोस गं त्यांना…"

सपाता घासत दारापर्यंत आल्या. पडदा सरकला. तिथे एक माणूस उभा होता, सज्जन चेहऱ्याचा, आणि तो चेहरा मला मुळीच ओळखीचा वाटला नाही. पडदा धरलेले हात मात्र बाबांचे होते, औषधाने नखं पिवळी पडलेले.

"कोण आलंय?" बाबांच्या आवाजात त्याने विचारलं.

"बाबा…"

तो काकूंकडे बघून ओशाळं हसला. "चुकून आली असेल पोर. पाणी दे तिला."

मी पाणी प्यायले नाही. फोटोही मागितला नाही. कुठल्या तोंडाने मागणार? खाली उतरून पायरीवर बसले आणि रडले. बाबा गेले त्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. तळमजल्यावरच्या मावशी दारातच उभ्या होत्या. आमची किल्ली त्यांच्याकडे असायची. बाबांना त्या वीस वर्षं ओळखत होत्या, आणि ते गेले तेव्हा चार दिवस मला जेवू घातलं ते त्यांनीच.

"कुठे होतीस गं? किल्ली मी देऊन टाकली."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तुझ्या बाबांना." मावशी घुश्शात होत्या. "पण आज एवढं तोंड सोडायला काय झालं होतं त्यांना? सगळा जिना डोक्यावर घेतला…"

मी वर बघितलं. सात महिने मी अंधाऱ्या घराचं कुलूप काढत होते. आज खिडकीत दिवा होता. खरं तेच सांगते, मला भीती वाटत होती, आणि तरीही घरात कुणीतरी आहे याचं मला बरं वाटलं.

जिना चढले. दार वाजवलं. आत काहीतरी आपटलं, आणि जड, तिरसट आवाज आला.

"कोण आहे?"

"मी आहे, बाबा," मी म्हणाले.