मुठीतला बिल्ला

त्या दिवशी मी कंदिलाची काच पुसत होते. भर दुपारीच, कारण पश्चिमेकडून धुळीचं वादळ उठलं होतं आणि आमच्या सॉरेल गावात अशा वेळी दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. खाणीतली चांदी संपल्यापासून निम्म्या घरांना फळ्या ठोकलेल्या. गावचा कायदा सांभाळणारा मार्शल व्हायला कुणी तयार होईना, म्हणून माझा नवरा थॅड झाला. त्याला शौर्याची कसली हौस नव्हती. नोकरीबरोबर राहायला घर मिळत होतं, एवढंच.

त्याचा नियम एकच. गावात येणाऱ्याने पिस्तूल आमच्या कचेरीतल्या खुंटीला टांगायचं आणि पितळी बिल्ला घ्यायचा. निघताना बिल्ला परत करून पिस्तूल न्यायचं. खुंट्या मी सांभाळायची. त्या दुपारी तिथे एकच पिस्तूल होतं, हस्तिदंती मुठीचं. जूड मॅबरीचं. त्याच्या भावाला थॅडने पकडून फासावर पोचवलं होतं आणि जूड कशासाठी आलाय हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

"बोलून बघतो त्याच्याशी," निघताना थॅड म्हणाला. "मी येईपर्यंत पिस्तूल द्यायचं नाही, ऑर्पी."

"आणि तू आलाच नाहीस तर?"

"इतकी वर्षं तुझी कॉफी पचवली. गोळीचं काय घेऊन बसलीस."

मला हसू आलं नाही. तो गेला आणि पाठोपाठ वादळ गावावर कोसळलं. पत्रे थडथडू लागले. फटीफटीतून धूळ आत येत होती, तोंडात कचकचत होती. त्या आवाजात बाहेर गोळी सुटली असती तरी मला कळलं नसतं.

दार उघडलं. जूड मॅबरी आत आला. बाहेर एवढी धूळ, पण त्याची काळी टोपी स्वच्छ होती. अंगाला दारूचा वास होता, पिस्तुलाच्या दारूचा. त्याने टेबलावर बिल्ला ठेवला.

"पिस्तूल, बाई."

"मार्शल आल्यावर मिळेल."

"मार्शल..." तो आपले हात उलटसुलट करून बघत राहिला. "मला नीट कळेना झालंय, बाई. धूळ फार होती. एक जण पडला, एवढं दिसलं..."

"कोण पडला?"

"तेच बघतोय..."

थॅड जगू दे, एवढं एकच मनात होतं. पण पिस्तुलाला मी हात लावला नाही. तो बिल्ला तसाच टाकून निघून गेला. एवढ्या वाऱ्यात दार आपटलं नाही.

मग थॅड आला. भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या. मी त्याला मिठीच मारली.

"मॅबरी संपला," तो म्हणाला. "बुटात दुसरं पिस्तूल लपवलं होतं. वादळ सुरू होतानाच झालं सगळं."

"अरे, पण तो आत्ता इथे..."

"लुंडीन सुताराकडे पडलाय तो. शवपेटीला खिळेसुद्धा ठोकून झाले. बिल्ला मुठीत घट्ट धरलेला, बोटं उघडेनात. तसाच ठेवला."

मी टेबलाकडे पाहिलं. बिल्ला तिथेच होता. डोक्यात नुसता गोंधळ उडाला. पण माझा माणूस जिवंत परत आला होता. मी कॉफी ओतायला वळले.

पाठीमागे पट्टा सुटल्याचा आवाज झाला. झोपतानाही पिस्तूल उशाशी ठेवणारा थॅड ते मॅबरीच्या पिस्तुलाशेजारच्या रिकाम्या खुंटीला टांगत होता. मग टेबलाशी येऊन त्याने माझ्यापुढे हात पसरला.

"बिल्ला, बाई."

चेष्टा असेल म्हणून मी हसायचा प्रयत्न केला. तो हसला नाही. मी बिल्ला त्याच्या हातावर ठेवला, त्याने तो खिशात घातला.

पेटीतला चेहरा मी पाहिलेला नाही. लुंडीनला विचारायचं धाडस आजवर झालं नाही. थॅड माझ्याशी चांगला वागतो. माझ्या कॉफीला मात्र त्याने पुन्हा कधी नावं ठेवली नाहीत. गावाबाहेर निघाला की बिल्ला टेबलावर ठेवून मुकाट उभा राहतो आणि मी त्याचं पिस्तूल काढून देते.

परवा दिलं, तर त्याने हळूच मान हलवली.

"हे नाही, बाई... शेजारचं."