उस्तादांचे हातमोजे

"आई, हात दाखव!"

लेकाने कामाच्या टेबलावर पांढऱ्या अस्तराचा तुकडा पसरला. त्या दुधासारख्या कापडावर दोन ठिपके होते, अगदी शेजारी शेजारी... वाळलेल्या रक्ताचे.

आईने हातमोजे घातलेले दोन्ही हात शालीखाली सारले. "सुई टोचली रे."

"दोन ठिकाणी?"

"आपली शिवणच दोन सुयांची. दोन टोचल्या!"

क्षणभर तिला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुकच वाटलं. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून बॅगेचा पट्टा शिवायचा, हे या घरात लहान पोरालाही ठाऊक. पण लेकही शेवटी कारागिराच्याच पोटचा होता.

"आई, तू सुई हातात धरलीस त्याला दोन वर्षं झाली."

खरंच होतं ते. नवऱ्याच्या बरोबरीने तीस-पस्तीस वर्षं चामड्याच्या बॅगा शिवल्या आणि मग संधिवाताने बोटांचं एकेक पेर सुपारीसारखं फुगवून टाकलं. आता ती फक्त अस्तरांच्या घड्या घालायची. त्याही सकाळची उन्हं अंगावर आल्यावर, बोटं जरा वळायला लागली की.

टेबलाखालून एक ओलं तपकिरी नाक बाहेर आलं. त्यामागे लोंबत्या कानांनी फरशी पुसत चार महिन्यांचं पिल्लू आलं आणि आईच्या हातमोज्याचा वास घेत शालीत तोंड खुपसू लागलं. त्याचं नाव चिमटा! घरात आल्या आल्या त्याने आईचा अंगठा पकडला होता, तेव्हा तिनेच ठेवलेलं.

"हाच ना तो? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आईला चावला तर याला ठेवायचं नाही. संध्याकाळी दुकान बंद केलं की खोक्यात घालतो आणि जिथून आणला तिथे देऊन येतो."

दाराशी उभ्या असलेल्या सूनबाईच्या हातातून पिल्लाची वाटी निसटली. ठण्णकन आवाज झाला... आणि मग त्या अबोल पोरीचा बांध फुटला.

"मनासारखं झालं ना, आई? तुम्हाला तो कधी आवडलाच नाही! एकदा तरी उघड्या हाताने कुरवाळलंत त्याला? सतत आपले ते हातमोजे... जसा काही तो किळसवाणाच आहे!"

"अगं, काय बोलतेस?" लेक ओरडला.

"खरं तेच बोलतेय! या घरात मला जीव लावता येईल असं काही टिकूच द्यायचं नाही, असंच ठरलंय का?"

ती तोंडात ओढणी कोंबून आत धावली. आई जागची हलली नाही. डोळे भरून आले.

कसं सांगणार होती ती?

वर्षापूर्वी सूनबाईच्या पोटातला अंकुर सातव्या महिन्यात कोमेजला. पोर घरात वावरायची ती सावलीसारखी. हसणं तर सोडाच, भिंतीकडे तोंड करून तास न् तास बसून राहायची. त्याआधी आई रोज पहाटे देवासमोर बसून एकच मागणं मागायची, बोटांच्या वेदना जाऊ देत. त्या दिवसांत एका पहाटे तिने मागणंच बदललं. "देवा, माझ्या बोटांचं राहू दे. आजपासून त्यांच्यासाठी शब्द टाकणार नाही. त्या जागी या पोरीचं हसू घाल!"

रोज, न चुकता, तिने तेवढंच मागितलं. आणि दोन महिन्यांपूर्वी हे पिल्लू दारात आलं, लेकाच्या बुटात डोकं अडकवून गोल गोल फिरलं... आणि सूनबाई हसली! पोट धरधरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली!

मग त्या हसण्याचे दात आपल्या बोटांत रुतले म्हणून तक्रार कुठल्या तोंडाने करायची? दिला शब्द तो दिला. ती गुपचूप दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन आली, मलम लावलं आणि वरून उस्तादांचे, झिजून पातळ झालेले चामड्याचे हातमोजे चढवले. उस्ताद म्हणजे तिचे यजमान. सारा बाजार त्यांना त्याच नावाने ओळखायचा. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, पण आतल्या लोकरीत अजून त्यांच्या बोटांचे वळसे तसेच होते. त्या उबेत तिची पेरं शांत व्हायची. जणू कुणी हात हातात घेतलाय!

"बाळा," आई हळू आवाजात, पण ठामपणे म्हणाली, "संध्याकाळपर्यंतचा दिवस माझा. तोवर खोक्याला हात लावायचा नाही."

"आई, अगं एका दिवसात..."

"तुझ्या वडिलांनी एका दिवसात तुला नीट शिवण शिकवली होती. आणि तू याच्याहून द्वाड होतास."

लेकाला हसावं की रागवावं कळेना. तो डोकं खाजवत पुढे दुकानात गेला.

आई मागच्या खोलीत उंच स्टुलावर बसली. खाली बसायची सोयच नव्हती. गुडघे बसू देत, पण उठू देत नसत. ती पिल्लाकडे निरखून पाहू लागली. हा सूनबाईला चावत नाही, मग मलाच का? लेकाला चावत नाही, पण त्याच्या चामड्याच्या एप्रनची कड कुरतडलेली. बूट कुरतडलेले. कमरेचा पट्टा गायब. आणि कोपऱ्यात... दात शिवशिवतात म्हणून सूनबाईने कौतुकाने टाकलेली चामड्याची कातरण!

"अगं बाई!" आईने कपाळावर हात मारला. "चामडं दिसलं की चावायचं, हे आम्हीच तुला शिकवलं. आणि वर मी दोन्ही हात चामड्यात घालून तुझ्यापुढे येऊन बसले! आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला की!"

उपाय उघड होता. पण हातमोज्याच्या कडेशी बोटं थबकली. थंडीची सकाळ, सुजलेली पेरं... आणि आठ वर्षांची ती ऊब! तिने डोळे मिटले. "उस्ताद, रागावू नका. तुमच्या सुनेसाठी काढतेय." एकेक बोट मोकळं करत तिने हातमोजे काढले, त्यांना कपाळ लावलं आणि ते वरच्या फळीवर ठेवून दिले.

गार हवा झोंबली. दुखरी बोटं उघडी पडली.

तिने कातरण उचलून डब्यात टाकली. फडक्याला गाठ मारून, ते गार पाण्यात भिजवून एका काठीला बांधलं आणि स्टुलावर बसल्या बसल्या पिल्लापुढे नाचवलं. चिमटा त्यावर तुटून पडला. मग तिने उघडा हात पुढे केला. त्याने हुंगला, चाटला... आणि जुन्या सवयीने दात लावलेच! आईचा जीव कळवळला. पण ती ओरडली नाही, हात झटकला नाही. हात दगडासारखा निश्चल ठेवला, दात सैल होताच काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवून गप्प बसली. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं त्या घरात कोणी नव्हतंच! खेळ बंद पडलेला पाहून चिमटा गोंधळला, कुंईकुंई करू लागला. मग पुन्हा फडकं, पुन्हा हात. पुन्हा दात, पुन्हा भिंत...

दुपारी सूनबाई पिल्लाचं सामान गोळा करायला आली आणि दारातच खिळली.

आईचे हात तिने कितीतरी दिवसांत उघडे पाहिले नव्हते. वाकडी झालेली बोटं... आणि त्यांवर सुकलेल्या, अर्धवट भरलेल्या, ताज्या दातांच्या खुणाच खुणा!

"आई... हे... हे सगळं यानं? आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोलले असते तर हा गेला असता गं."

"जाऊ द्यायचा होता!"

"आणि त्याच्याबरोबर तुझं हसू गेलं असतं, ते कुठून आणलं असतं मी?" आईचा आवाज पहिल्यांदाच कापला. "एवढ्या विनवण्या करून मागून घेतलंय ते. माझ्या बोटांच्या बदल्यात. त्यांच्यासाठी पुन्हा काही मागणार नाही, असा देवाला शब्द दिलाय."

सूनबाईला सारं उमगलं. ती स्टुलापाशी बसली, ते ठणकते हात अलगद आपल्या गालांना लावून हमसाहमशी रडू लागली. "किळस म्हणाले मी... किळस! थोबाडीत का नाही मारलीत माझ्या?"

"बोटं वळत नाहीत ना!" आई डोळे पुसत म्हणाली. "नाहीतर सोडली नसती."

रडता रडताच सूनबाई फस्सकन हसली.

"आता तुम्ही मागू नका, आई," ती म्हणाली. "तुमच्या बोटांसाठी उद्यापासून मी मागेन. शब्द तुम्ही दिलाय, मी नाही."

मग ती उठली. तिने गरम पाण्याचं घमेलं आणून आईचे हात शेकले, आणि त्या ठिपके पडलेल्या अस्तराचा कोरा भाग कापून, आत कापूस भरून, बोटांची टोकं उघडी राहतील असे मऊ हातमोजे बेतायला घेतले.

संध्याकाळी लेक खोकं घेऊन आत आला. आई स्टूल सोडून आरामखुर्चीत बसली होती. एका हातात नवा, टाके थोडे वाकडे आलेला कापडी हातमोजा. दुसरा अजून सूनबाईच्या सुईखाली. मांडीवर चिमटा पेंगत पडलेला, आणि आईचं उघडं, वाकडं बोट त्याच्या तोंडात!

"आई! अगं, चावतोय तो!"

"हळू बोल," आई म्हणाली. तिचा चेहरा शांत होता. दात होते, पण रुतत नव्हते. झोपेतही तो ते बोट अगदी अलगद सांभाळून होता. "चावत नाहीये रे. धरून झोपलाय."

सूनबाईची सुई थांबली. तिने त्या इवल्या तोंडाकडे, त्या बोटाकडे पाहिलं... कितीतरी वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांतून दोन थेंब ओघळले; पण या वेळी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं नाही.

"खोकं आणलंच आहेस तर इकडे दे," ती नवऱ्याला म्हणाली. "आत जुनी चादर घालते. रात्री आईंच्या पायाशी ठेवू या. त्याला झोपेत धरायला कुणीतरी लागतं."