पाय लागला…

पहिल्याच दिवशी नेत्राने त्याला लाथ मारली, आणि लगेच वाकून नमस्कारही केला.

खरं तर कराटेच्या क्लासचं कूपन होतं तिच्या रूममेटचं, रेणूचं. पण मिशिगनमधल्या नोव्हायच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत शनिवारी सकाळी रेणू काही पांघरुणातून बाहेर येईना. आणि नेत्रा मूळचीच भोचक! नागपूरला शेजाऱ्यांकडे पाहुणे आले तरी ही गॅलरीत हजर. पिझ्झाच्या दुकानाशेजारी त्या काचेमागे माणसं अनवाणी उभी राहून ओरडतात तरी कशाला, हे तिला कधीचं बघायचं होतं.

शिकवणाऱ्या मिस कॅरलने तिच्यासमोर एक उंच, सावळा मुलगा उभा केला. त्याच्या हातात जाड पॅड. नेत्राने डोळे मिटून पाय उचलला… तो पॅडवरून घसरून थेट त्याच्या गुडघ्यावर बसला.

"अगंबाई!" तिने चटकन वाकून त्याच्या गुडघ्याला हात लावला, बोटं डोळ्यांना टेकवली.

"गार्ड अप, नेत्रा!" कॅरल ओरडली. हात कायम हनुवटीपाशी हवेत, हा तिथला पहिला धडा.

"माझी आई पण अगंबाई म्हणते," तो हसत म्हणाला. "पण किक केलीस, आणि मग नमस्कार? व्हाय?"

"पाय लागला ना!"

"पाय लागणं इज द पॉइंट, यार!"

"घरी शिकवलं नाही का तुला?"

"शिकवलं. बुक्सना पाय लागला तर करायचं. मला वाटलं, ओन्ली बुक्स…"

शंतनू त्याचं नाव. जन्म मिशिगनचाच, मराठी जेवणाच्या टेबलापुरतं. नेत्राला तर खजिनाच सापडला! तुझी करंगळी वाकडी का? तुला पोहे करता येतात? कराटेत पट्टा धूत नाहीत, खरं का? क्लासनंतर समोरच्या दुकानात कॉफी घेताना तिचे प्रश्न संपत नसत, आणि तो त्या मोडक्या मराठीत इतका मन लावून उत्तरं देई, की तिला शनिवारची ओढच लागली.

लाथ मात्र सुधारेना. पाय लागला की हात खाली, कंबर वाकलेली.

"तू मला डोअरबेलसारखं किक करतेस," तो म्हणायचा. "हळूच. घरात कुणी आहे का, असं."

मार्चमध्ये ऑफिसने तिला विचारलं, दूर मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या प्रोजेक्टवर जाणार का? सोमवारी उत्तर हवं होतं. त्याआधीच्या शनिवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा. वॉर्म-अप करता करता तिने शंतनूला सांगून टाकलं. तो नुसतं "ओह" म्हणाला. जगातले सगळे प्रश्न विचारणाऱ्या नेत्राच्या ओठांवर नेमका एकच येईना… मी गेले, तर तुला काय वाटेल? उत्तर नको ते आलं तर, याची तिला चक्क भीती वाटत होती.

परीक्षेत तो पॅड धरून समोर आला.

"सगळं विचारतेस," तो पुटपुटला. "जाऊ का, हे नाही विचारलंस."

असा राग आला तिला! आणि तू? तू का नाही थांब म्हणालास? तिने पाय उचलला आणि जीव तोडून मारला. शंतनू पॅडसकट मागे मॅटवर बसला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नेत्राचे हात हनुवटीपाशीच होते.

कॉफीच्या टेबलावर नवा पिवळा पट्टा होता. बाहेर बर्फ वितळून छपरावरून टपटपत होतं. शंतनूने अवघडून पाय हलवला, आणि त्याचा जाडजूड बूट तिच्या पायावर पडला.

तो घाईघाईने टेबलाखाली वाकला. तिच्या बुटाला हात लावला, बोटं डोळ्यांना टेकवली. वर येताना डोकं टेबलाला दाणकन आपटलं.

"पाय लागला," तो डोकं चोळत म्हणाला. "नेत्रा… जाऊ नकोस."

"का?" तिने विचारलं. इतका छोटा प्रश्न तिने आयुष्यात विचारला नव्हता.

"बिकॉज… मला तू आवडतेस. खूप. मला नीट मराठीत सांगता येत नाही."

"नीट सांगितलंस." तिचे डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना. "सोमवारी मी त्यांना 'नाही' म्हणून सांगते. इथेच राहते."

टेबलाखाली तिचा पाय हळूच सरकून त्याच्या बुटाला टेकला. या वेळी नमस्कार कुणीच केला नाही.