उम्म सिद्रची माणसं

चारुदत्त कर्णिक हा नाकासमोर चालणारा माणूस. दुबईत पर्यावरण सर्वेक्षणाच्या नोकरीत पंधरा वर्षं काढली, पण त्याच्या एकाही रिपोर्टात विशेषण सापडायचं नाही. याचा त्याला अभिमानच होता.

फुजैराच्या मागच्या डोंगरांत उम्म सिद्र नावाची वादी आहे, म्हणजे दोन उभ्या कड्यांमधली कोरडी, खोल घळ. एका कंपनीला तिथून खडी काढायची होती. पूर्वी तिथे राहिलेली डोंगरी कुटुंबं आता खाली सरकारी वसाहतीत होती. वादी राखीव करा म्हणून त्यांनी दोन वर्षं धोशा लावला होता. सगळं एका रकान्यावर येऊन अडलं होतं : मनुष्यवस्ती आहे की नाही? तो रकाना चारुदत्तनं गुरुवारी दुपारी चारच्या आत भरायचा होता.

सोमवारी सकाळी हमीदा त्याला वादी दाखवायला आली. सत्तरीची, अजून ताठ. जन्म इथलाच, आणि कुटुंबांच्या वतीनं भांडणारीही तीच. वादीच्या तोंडाशी ती थांबली आणि कड्यांकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "हूद! हूद!"

"किसको बुलाया?" चारुदत्तनं विचारलं.

"बुलाया नहीं, पूछा. किसी के घर में ऐसे ही घुसता है क्या?" तिनं कान देऊन थोडा वेळ वाट पाहिली, मान डोलावली. "यल्ला, चलो."

आत दगडावर दगड रचलेली अकरा घरं होती. छपरं कधीच गेलेली. शेवटच्या घराच्या दारासमोर चारुदत्तनं मागच्या आठवड्यात आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावला होता, रानबकरे दिसतात का ते बघायला. घर चाळीस वर्षं रिकामं. पण जमीन झाडलेली होती. खराट्याच्या ताज्या रेषा दिसत होत्या. ते बघून त्यानं उंबऱ्याशी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. ठाण्याच्या घरात आईनं लावलेली सवय, दुसरं काय! दोन मिनिटांत मापं घेऊन तो बाहेर आला.

काढताना बुटांची टोकं आतल्या बाजूला होती. आता ती बाहेर वळलेली होती, निघणाऱ्याला सरळ पाय घालता यावा तशी. हमीदा तर लांब, खजुरांपाशी उभी होती.

कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तो हमीदाकडे परतला. झाडलेल्या जमिनीबद्दल, बुटांबद्दल त्यानं तिला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा बदलला. "जूता निकाला? खलास. अब तू उनका मेहमान है. हमारे में मेहमान से तीन दिन नहीं पूछते, क्यों आया."

"और फिर?"

"फिर सच बोलना पड़ता है."

मंगळवारी बायको, छाया, त्याचा शर्ट धुवायला घेताना म्हणाली, "वेलचीचा वास येतोय. कॉफी कुठे प्यायलास? तुला ॲसिडिटी होते ना?" चारुदत्तनं घोटभरही कॉफी घेतली नव्हती.

बुधवारी ऑफिसात त्यानं कार्ड लॅपटॉपला लावलं. रानबकरा एकही नव्हता. फोटोंत तो स्वतःच होता, त्या घरात, मांडी घालून. एकटाच. समोर बघून हसत होता, काहीतरी सांगत होता. उजवा हात पुढे, बोटं रिकाम्या हवेभोवती वळलेली. पहिला फोटो सोमवारचा, दहा वाजून दहाचा, शेवटचा दहा एक्कावन्नचा; आत तर तो दोनच मिनिटं होता. शेवटच्या काही फोटोंत मनगट डावी-उजवीकडे हलत होतं.

शेजारच्या टेबलावरची अमिराती सहकारी दुआ वाकून हसली. "किसके घर गये थे, सर? कप ऐसे हिलाया मतलब बस, और कॉफी नहीं."

चारुदत्तनं लॅपटॉप मिटला. तो घाबरला होता.

गुरुवारी तो घरूनच काम करत होता. पावणेचारला साहेबांचा, निखिलचा, फोन आला. "चारू, इमोशनल होऊ नकोस. राहतं का कुणी तिथे? नाही ना? मग 'नो' लिही. आणि तुझे व्हिसा रिन्यूअलचे पेपर्स माझ्या टेबलवर आहेत, लक्षात आहे ना?"

कान देऊन उभी असलेली हमीदा त्याला आठवली. मग मुलगी, ईश्वरी, आठवली. तिचं यंदा दहावीचं वर्ष. पुरावा तरी काय होता त्याच्याकडे? स्वतःचेच फोटो.

मनुष्यवस्ती : नाही.

तीन छप्पनला त्यानं रिपोर्ट पाठवला. स्वतःची लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला.

"हूद! हूद!"

सातव्या मजल्यावर.

"ईशू, थांब!" तो ओरडला. पण कडी वाजली होती.

"प्लीज, कम इन," ईश्वरी म्हणत होती.

पावलं वाजली नाहीत. वेलचीचा वास मात्र खोलीपर्यंत आला.

तो हॉलमध्ये धावला. सोफा रिकामा होता. ईश्वरी भिंतीला टेकून उभी होती, आणि तिची नजर सोफ्यावरून जमिनीवर, जमिनीवरून खिडकीपाशी, हळूहळू फिरत होती.

"कोण आलंय?"

"बाबा, यू कान्ट आस्क," ती कुजबुजली. "नॉट फॉर थ्री डेज."

स्वयंपाकघरातून छायाची हाक आली, "अरे, कप कमी पडतायत!"

दार उघडंच होतं. बाहेर चामडी चपला होत्या, खडीच्या करड्या धुळीनं माखलेल्या. दारापासून थेट लिफ्टपर्यंत. काही अगदी लहान मुलांच्या. सवयीनं तो मोजू लागला आणि मध्येच थांबला.

एकाही चपलेचं टोक बाहेर वळलेलं नव्हतं.