न मागितलेली काठी

भास्करराव उपासनी पोहून घरी आले, तेव्हा दाराशी एक लांबट खोकं उभं होतं. नाशिकच्या तरण तलावावर त्यांनी उभी हयात मुलांना पोहायला शिकवण्यात घालवली होती, आणि निवृत्तीनंतरही त्यांचं सकाळचं पोहणं सुटलं नव्हतं. खोक्यातून बांबूची सुबक काठी निघाली. सोबतच्या कागदावर छापलं होतं, ‘लवकरच आपल्याला हिची गरज भासेल. नको असल्यास परत करा.’

काठी कोणीच मागवली नव्हती. त्यात नवल असं काही नव्हतं म्हणा. ‘सर्वहाट’ या विक्रीमंचाची ‘पूर्वपोच’ एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. साबण संपायच्या आत नवा साबण येई, मुलांचे पाय वाढायच्या सुमाराला मोठे बूट येत. भास्कररावांच्या खिशातला फोन त्यांची चाल मोजत होता. पाऊल किती उचललं जातं, वळताना तोल कितपत ढळतो, यावरून यंत्रणेने अंदाज बांधला होता की हा माणूस येत्या काही महिन्यांत पडेल.

त्यांनी काठी परत पाठवून दिली. पण दुसऱ्या दिवशी ते पोहायला गेले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

ती काठी कुडाळजवळ उल्हास आणि विशाखा गवस या जोडप्याच्या कारखान्यात बनली होती. उल्हास बांबूला धग देऊन मूठ वळवी. मूळची सांगलीची विशाखा विक्रीचं बघे. खरं तर बघण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. टेम्पो काठ्या घेऊन भिवंडीच्या गोदामात जाई, आणि तिथून कुठली काठी कोणाकडे जायची ते यंत्रणा ठरवी. खप चांगला होता. गिऱ्हाइकाचा आवाज मात्र विशाखाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

म्हणून भास्कररावांच्या मुलीचा, मैथिलीचा फोन आला तेव्हा ती गडबडली. खोक्यावरच्या नावावरून मैथिलीने नंबर शोधला होता.

“काठी चांगलीच होती हो,” मैथिली म्हणाली. “पण बाबा आता जिना उतरायला घाबरतात. म्हणतात, यंत्राला कळलंय म्हणजे मी पडणारच. तुम्ही का पाठवलीत त्यांना?”

“आम्ही नाही पाठवली,” विशाखाच्या तोंडून निघून गेलं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्याच उत्तराची लाज वाटली.

“म्हणजे माझी काठी बगून माणूस घरात बसलो?” उल्हासने मालवणीत विचारलं. त्याच्या हातातला बांबू तसाच राहिला.

निदान काठीपुरतं तरी आधी विचारून पाठवा, असं विशाखाने सर्वहाटला कळवलं. गोदामातल्या मालाला अशी सोय नाही, उत्तर आलं. विचारून पाठवायचं असेल तर माल परत न्या आणि तुम्हीच पाठवा.

दोघांनी माल परत आणला. पडवी खोक्यांनी भरली, देवघरापाशीही काठ्या उभ्या राहिल्या. मंचावर त्यांचं नाव पार खाली गेलं, मागणी रोडावली. कुरिअरने नेलेली पहिलीच काठी वाटेत चिरली, तेव्हा विशाखा रडवेली झाली. मग दोन्ही टोकांना काथ्या गुंडाळायची युक्ती उल्हासला सुचली. मागणी आली की विशाखा स्वतः फोन करी. चप्पल घालून सरळ उभे राहा, मनगट जमिनीपासून किती उंच आहे ते कोणाला तरी मोजायला सांगा. काठी कोणत्या हातात धरणार? त्या मापाने उल्हास काठी कापी. लोक मोकळेपणाने बोलत. परभणीच्या एका बाईंना तर काठी कुत्री हाकलायलाच हवी होती. हळूहळू परत येणाऱ्या काठ्या थांबल्या, कारखान्याचं पुन्हा भागू लागलं. खांद्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं तसं विशाखाला हलकं वाटू लागलं.

एक फोन तिने मागणी नसताना केला.

“काठी विकायला नाही केला हं फोन,” ती भास्कररावांना म्हणाली. “पोहायला का जात नाही, एवढंच विचारायचं होतं.”

ते म्हणाले, “पाण्याची भीती नाही मला. काठावरची ओली फरशी आहे ना, तिची वाटते.”

“मग फरशीपुरती काठी घ्या. पाण्यात उतरताना द्या सोडून.”

भास्करराव मोठ्याने हसले. “अशी काठी करता येईल? मूठ ओल्या हातातून सुटता कामा नये. आणि रबर चांगलं जाड लावा.”

उल्हासने मुठीला सुंभ घट्ट आवळून बांधला. काही दिवसांनी मैथिलीने फोटो पाठवला. तलावाच्या कठड्याला काठी टेकलेली, आणि मागे पाण्यात भास्कररावांचं फक्त डोकं. उल्हासने तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग तो कामाला लागला.

मग एका दुपारी जळगावहून फोन आला. आई स्नानघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता काठी हवी, असं एक मुलगा सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, “आमच्या शेजारच्या काकांना तुमची काठी आपोआप आली होती. ते आधीच सावध झाले. मग आम्हाला का नाही आली?”

काठ्या पूर्वपोचमधून आम्हीच काढून घेतल्या, हे विशाखाने त्याला खरं ते सांगितलं, आणि मग आईच्या मनगटाची उंची विचारली. जे सोडलं त्याचा तिला पस्तावा झाला नाही. पण फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. या बाईंचं पडणं यंत्राला खरोखर आधी कळलं होतं का? आणि ते आपल्याला कळलं असतं, तर त्यांना फोन लावून आपण पहिलं वाक्य काय बोललो असतो?